नंबरचं कुलूप बोटांनी कसं उघडायचं

बॅगेला लावायचं तीन आकड्यांचं एक छोटं कुलूप आहे माझ्याकडे, नंबर माहिती नसताना मी उघडलेलं ते पहिलं, आणि तेही हौस म्हणून नाही तर नाइलाज म्हणून. कुलूप उघडं पडलेलं असताना घरातल्या एका पोराने बाजूचं बारीक बटण दाबून चाकं फिरवली, मग खट्कन बंद करून टाकलं, आणि माझा इतक्या वर्षांचा नंबर गेला कामातून. मी आधी काय केलं तर जीव खाऊन ओढलं. काही झालं नाही, व्हायचं पण नसतं. मग कंटाळून नुसता चाळा करत बसलो, दांडा अंगठ्याने जेमतेम ताणलेला, दुसऱ्या हाताने मधलं चाक फिरवतोय, आणि एका आकड्यावर बोटाला काहीतरी वेगळंच लागलं. आवाज वगैरे नाही, नुसतं असं वाटलं की चाक इथे जरा बसलं. तिथून पाच मिनिटांत कुलूप उघडलं आणि मला हा नाद लागला तो लागलाच.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो, परत परत सांगणार नाही. या हौसेत जगभर दोनच नियम पाळतात, कुलूप स्वतःचं असेल किंवा मालकाने स्पष्ट हो म्हटलेलं असेल तरच हात लावायचा, आणि रोजच्या वापरात असलेलं कुलूप स्वतःचं असलं तरी त्यावर सराव करायचा नाही. दुसरा नियम लोकांना फालतू वाटतो, पण सराव करताना कुलपं बिघडतात, नंबर चुकून बदलतात, अर्धवट अडकून बसतात, आणि तेव्हा ते कुलूप सामानाने भरलेल्या कपाटाला लटकत असेल तर मजा जाते. म्हणून सरावाचं कुलूप वेगळं ठेवा, टेबलावर, कशालाही न लावलेलं.

आत काय चाललेलं असतं

चाकाचं कुलूप म्हंजे आकड्यांची तीन किंवा चार चाकं शेजारी शेजारी आणि वर यू आकाराचा दांडा, ज्याला शॅकल म्हणतात, मी दांडाच म्हणणार आहे. या दांड्याचा एक पाय लांब असतो, तो कुलपाच्या पोटात चाकांच्या मधून जातो, किंवा मग तिथे वेगळी सळई असते जी दांड्याला जोडलेली असते. तिला आपण कणा म्हणू. कण्यावर प्रत्येक चाकासाठी एक छोटा दात असतो. चाक बाहेरून आख्खं गोल दिसतं, पण त्याच्या आत एक रिंग असते आणि त्या रिंगला एकाच जागी खाच असते. सगळ्या रिंगांच्या खाचा दातांच्या समोर एका रांगेत आल्या की दात सगळ्या खाचांतून सरकतात आणि दांडा वर येतो. एक जरी खाच बाजूला असेल तर तो दात रिंगच्या भिंतीवर आपटतो आणि कुलूप बंदच राहतं.

कागदावर हे एकदम पक्कं वाटतं. चार चाकं म्हंजे १०,००० जोड्या. पण कारखान्यात चारही दात आणि चारही रिंगा केसभरसुद्धा फरक न पडता एकसारख्या बनत नाहीत, बनवायच्या म्हटल्या तर कुलूप सोन्याच्या भावाने विकायला लागेल. त्यामुळे दांडा ओढला की चारही दात एकदम भिंतींना टेकत नाहीत, कुठला तरी एक आधी टेकतो. ज्याचा दात आधी टेकला त्या एका चाकावर सगळा भार येतो, ते फिरायला जड होतं, बाकीची तीन अजून मोकळी असतात. आता त्या जड चाकाची खाच बरोबर जागी आली की त्याचा दात किंचित आत शिरतो, दांडा केसभर पुढे येतो, आणि भार दुसऱ्या कुठल्या तरी चाकावर जातो. बस, सगळी कला इथेच आहे. १०,००० जोड्यांचं कोडं आता १०-१० आकड्यांची चार छोटी कोडी झाली, एकापाठोपाठ एक सोडवायची.

हात लावायच्या आधी जरा डोकं

लोक थेट करामतीवर उडी मारतात. पण तुमचं स्वतःचं कुलूप अडलं असेल तर बहुतेक वेळा इतकं काही करावंच लागत नाही. नंबर बदलता येणाऱ्या कुलपात उघडं असताना बटण दाबून, किंवा दांडा फिरवून खाली दाबून, नवीन नंबर लावायची सोय असते, आणि ते अर्धवट दाबलं गेलं की एखादं चाक एखाद्या घराने सरकतं. म्हंजे तुमचा नंबर पूर्ण नाही बदललेला, शेजारी गेलाय. म्हणून आधी जुन्या नंबराच्या आजूबाजूला बघा, प्रत्येक चाक एक घर मागे, तिथेच, एक घर पुढे. तीन चाकांना अशा २७ जोड्या होतात, चार चाकांना ८१. पाच-सात मिनिटांचं काम. शिवाय बऱ्याच नवीन कुलपांचा कारखान्यातला नंबर सगळी शून्यं असतो, तोही एकदा बघून टाका, आपण नंबर लावला होता असं नुसतं वाटत असतं आणि लावलेलाच नसतो हे माझ्या बाबतीत झालेलं आहे.

तीन चाकांचं कुलूप असेल तर सगळ्या १,००० जोड्या बघणं पण काही जगावेगळं नाही, फक्त अक्कल लावून करायचं. एकेक नंबर लावायचा, ओढायचा, सोडायचा, असं केलंत तर बोटं दुखतील आणि मध्येच मोजणी विसराल. त्यापेक्षा दांड्यावर सतत हलका ताण ठेवा आणि शेवटचं चाक एका दमात ० ते ९ फिरवा, बरोबर आकड्यावरून जाताना दांडा आपोआप सुटेल. मग मधलं चाक एक घर पुढे, आणि शेवटचं आता ९ कडून ० कडे उलटं आणा, परत शून्यावर नेऊन सुरुवात करण्यात वेळ घालवायचा नाही. १,००० प्रयत्नांच्या आता १०० फेऱ्या झाल्या. एका फेरीला तीन सेकंद धरले तरी सगळं मिळून पाच मिनिटं. चार चाकांना याच हिशोबाने १,००० फेऱ्या, म्हंजे ५० मिनिटं. कंटाळवाणं आहे पण खात्रीचं आहे. फक्त ताण इतकाच ठेवायचा की चाक सरसर फिरलं पाहिजे. एखादं कुलूप ताण असताना चाकं फिरूच देत नाही, तिथे मात्र ही युक्ती चालत नाही.

आता मुख्य काम

कुलूप डाव्या हातात घ्या, चाकं तुमच्याकडे. डाव्या हाताचं एक बोट दांड्याच्या कमानीत अडकवा आणि अंगठा कमानीखाली कुलपाच्या माथ्यावर टेकवा. आता बोट आणि अंगठा एकमेकांपासून लांब ढकलायचे, पण किती? नवशिक्या इथेच फसतो. पिकलेलं फळ दाबून बघताना लावतो ना तेवढाच जोर. जास्त ओढलंत की चारही चाकं घट्ट होतात आणि कुठलं आधी घट्ट झालं ते कळायला काही मार्गच उरत नाही. हलक्या हाताला कुलूप बोलतं, जोर लावला की गप्प बसतं. मला हे समजायला तीन आठवडे आणि एक सोललेलं बोट लागलं.

सगळी चाकं शून्यावर आणा. ताण ठेवून प्रत्येक चाक एक घर पुढे एक घर मागे हलवून बघा. एखादं सगळ्यात जास्त विरोध करेल. कळत नसेल तर ताण पूर्ण सोडा आणि शून्यापासून हळूहळू वाढवत जा, दुसऱ्या हाताने चाकं सतत हलवत ठेवून, जे पहिल्यांदा जड झालं ते तुमचं. समजा तिसरं चाक निघालं.

आता बाकीच्यांना हात न लावता फक्त तिसरं फिरवायचं. ताण जरा ढिला, एक घर पुढे, परत ताण. ढिला, घर, ताण. प्रत्येक घरावर थांबून चाक दोन्ही बाजूंना हलकेच हलवून बघा, किती हलतंय. नऊ घरांवर ते साधारण सारखंच वागेल आणि एका घरावर वेगळं. वेगळं म्हंजे कसं ते कुलपागणिक बदलतं, म्हणून कुणी लिहिलेलं डोळे झाकून धरू नका. काही कुलपांत त्या घरावर चाक अचानक रुतून बसतं, हलतच नाही, कारण दात खाचेत शिरलाय आणि खाचेच्या दोन्ही कडा त्याला धरून आहेत. काहींत उलट, चाक मोकळं होतं कारण भार दुसरीकडे गेला. काहींत फक्त दांडा केसभर वर आल्याचं कमानीतल्या बोटाला कळतं, डोळ्यांना नाही. तुम्ही शोधताय ते काही ठरावीक चिन्ह नाही, बाकीच्या नवांपेक्षा जो वेगळा वागतोय तो शोधताय. दहाही घरांवर एक चक्कर पूर्ण करा, पहिला संशय आला की लगेच थांबू नका, हा पण एक नेहमीचा घोळ आहे.

आकडा सापडला, समजा ७. तो कागदावर लिहा, डोक्यात नका ठेवू. चाक ७ वरच राहू द्या आणि ताण शक्यतो न सोडता बाकीच्या तिघांत आता कोण जड झालं ते बघा. पुन्हा तेच, दहा घरं, एक वेगळं. मग तिसरं. आणि चौथ्यासाठी तर काही जाणवायचीच गरज नसते, नुसतं फिरवत जायचं, दहात कुठेतरी दांडा उसळतो. तो उसळण्याचा क्षण जो असतो ना, त्यासाठी माणसं या नादाला लागतात. पहिल्यांदा झालं तेव्हा मी दचकून कुलूपच खाली टाकलं होतं.

जमत नसेल तेव्हा

सगळ्यात जास्त डोकं खातात त्या खोट्या खाचा. जरा बऱ्या कुलपांत बनवणारे लोक रिंगला एक खोल खाच देतात आणि बाकीच्या आकड्यांवर मुद्दाम उथळ खाचा पाडतात, म्हंजे ताण देऊन फिरवलं की प्रत्येक घरावर टक टक टक लागतं आणि तुम्हाला वाटतं सगळेच बरोबर. यावर उपाय असा की त्या चाकाकडे न बघता शेजाऱ्यांकडे बघायचं. उथळ खाचेत दात शिरला तर बाकीच्या चाकांच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही, खोल खाचेत शिरला तर दांडा जास्त सरकतो आणि दुसरं एखादं चाक एकदम जड होतं. दुसरी खूण म्हंजे रुतलेलं चाक सोडवायला किती ढिलं करावं लागतं, खोल खाचेतून बाहेर काढायला ताण जास्त सोडावा लागतो. हा फरक इतका बारीक असतो की मी अजूनही तीनदा फिरवून तीनदा लिहितो, आणि तीनपैकी दोनदा जो आकडा आला तो धरून पुढे जातो.

दोन चाकं एकदम जड वाटतात हेही होतं. तेव्हा ताणाची दिशा बदलून बघा, सरळ ओढायच्या ऐवजी दांडा किंचित डावीकडे तिरका ओढा, मग उजवीकडे. तिरकं ओढलं की कणा एका बाजूला झुकतो आणि दातांचा क्रम बदलतो. काही कुलपांत ओढून काहीच कळत नाही, पण दांडा आत दाबून सोडला की कळतं. बॅगेच्या काही कुलपांत दांड्याऐवजी बाजूला सरकवायचं बटण असतं, तिथे ताण बटणावर द्यायचा. आणि बिलकुल नवीन कुलपात ग्रीस इतकं घट्ट असतं की सगळंच मऊ मऊ लागतं, दोन-तीनशे वेळा चाकं नुसती फिरवून काढा. उलट फार वापरलेलं कुलूप एकदम बोलकं असतं.

डोळ्यांनी वाचायची पण एक पद्धत आहे, ती मला बोटांच्या पद्धतीपेक्षा कमी आवडते पण काम करते. स्वस्त कुलपात चाक आणि शेजारची भिंत यांच्यामध्ये फट असते. बारीक टॉर्च मारून तिरकं बघितलं तर आतली रिंग दिसते, आणि चाक फिरवत गेलं की रिंगवरची खाच किंवा सपाट केलेला भाग फटीतून जाताना दिसतो. दिसत नसेल तर जाडी मोजायच्या पट्ट्यांमधली सगळ्यात पातळ पोलादी पट्टी त्या फटीत घालून चाक फिरवायचं, खाच आली की पट्टी किंचित आत जाते. आता हा सापडलेला आकडा म्हंजे नंबर नाही हं, कारण खाच फटीसमोर आली आहे, दातासमोर नाही. पण सगळ्या चाकांत खाच आणि खरा आकडा यांच्यातलं अंतर सारखंच असतं. म्हणून चारही खाचा फटीसमोर एका रांगेत आणायच्या, ओढून बघायचं, नाही उघडलं तर चारही चाकं एकेक घर पुढे, परत ओढायचं. जास्तीत जास्त दहा वेळा. पहिल्यांदा हे करून बघितलं तेव्हा मला जरा फसवल्यासारखंच वाटलं, १०,००० म्हणून विकलेली गोष्ट दहावर येते म्हंजे काय.

गोल डायलचं कुलूप

हा प्राणी वेगळा. समोर एकच गोल डायल, ० ते ३९ आकडे, नंबर तीन, उजवीकडे डावीकडे उजवीकडे. आत तीन चकत्या एकामागे एक, प्रत्येकीला कडेला एक खरी खाच. डायल थेट फक्त एकाच चकतीला जोडलेली असते, ती फिरता फिरता तिच्या अंगावरच्या टोचीने दुसरीला ढकलते, दुसरी तिसरीला. म्हणून आधी उजवीकडे तीन पूर्ण फेरे मारायचे, सगळ्या चकत्या एकमेकींना धरून फिरायला लागतात, आणि पहिल्या आकड्यावर थांबायचं. मग डावीकडे, पहिला आकडा एकदा पूर्ण ओलांडून दुसऱ्या आकड्यावर. मग उजवीकडे थेट तिसऱ्यावर. कितीतरी लोकांचं कुलूप बिघडलेलं नसतंच, ते डावीकडचा तो जादाचा फेरा विसरतात आणि कुलपाला शिव्या घालतात.

४० गुणिले ४० गुणिले ४० म्हंजे ६४,००० जोड्या. पण इथेही तीच गोष्ट, मधे ढिलाई असते, आकडा एखाद्या घराने चुकला तरी कुलूप चालवून घेतं. या ढिलाईचा सगळ्यात गाजलेला किस्सा रिचर्ड फाइनमनचा, हो तोच भौतिकशास्त्रज्ञ. १९४० च्या दशकात लॉस अलामॉसला, म्हंजे अमेरिकेत अणुबॉम्ब बनवत होते तिथे, गुप्त कागदांच्या कपाटांना १०० आकड्यांचं डायल होतं, तीन नंबर, म्हंजे दहा लाख जोड्या. त्याने स्वतःच्या कपाटावर बसून शोधलं की आकडा दोन घरं इकडेतिकडे चालतो, म्हंजे १०० नाही तर २० च आकडे तपासायचे, आणि दहा लाखांचे ८,००० झाले. त्यापुढे त्याला कळलं की कपाट उघडं असताना डायलशी चाळा केला की शेवटचे दोन आकडे काढता येतात, मग उरले फक्त २० प्रयत्न. लोकांशी गप्पा मारता मारता तो त्यांच्या उघड्या कपाटाच्या डायलशी खेळत असायचा आणि आकडे लिहून ठेवायचा.

मास्टर लॉक कंपनीच्या जुन्या ४० आकडी कुलपांची पद्धत हौशी लोकांत फार आधीपासून फिरते आहे, आणि सरावाला छान आहे. जुन्या म्हणतोय ते मुद्दाम, सगळ्याच कुलपांना हे लागू होत नाही. आधी तिसरा आकडा काढायचा. डायल शून्यावर, दांडा वर ताणून धरा, इथे ताण चाकांच्या कुलपापेक्षा जास्त लागतो, आणि डायल फिरवायचा प्रयत्न करा. ती दोन टोकांमध्ये अडकेल, इकडे थोडी तिकडे थोडी, बस. त्या दोन टोकांचा मध्य लिहा. ताण सोडा, डायल त्या जागेच्या पुढे न्या, परत ताण, परत मध्य. आख्ख्या चकरेत अशा १२ जागा सापडतात. त्यातल्या ७ चा मध्य दोन आकड्यांच्या अध्येमध्ये येतो, त्या सोडून द्या. उरल्या ५, त्यांचा मध्य बरोबर आकड्यावर. या पाचातल्या चारांचा शेवटचा अंक सारखा असतो, आणि जो एक वेगळा पडतो तो तुमचा तिसरा आकडा. समजा ३, १३, २३, ३३ आणि १७ आले, तर १७.

हे असं का, याने मला बरेच दिवस छळलं. हिशोब साधा आहे, ४० आकड्यांच्या गोलावर १२ खाचा सारख्या अंतराने पाडल्या तर अंतर येतं तीन आणि एक तृतीयांश, म्हणून दर तिसरी खाच बरोबर दहा घरांनी पुढे येते, ३ वरून १३ वर, १३ वरून २३ वर. त्या झाल्या फसव्या. खरी खाच या ओळीतून किंचित हललेली, म्हणून ती वेगळी दिसते. भामट्यांच्या घोळक्यात एकच साधा माणूस, आणि तोच उठून दिसतो.

तिसऱ्या आकड्यावरून बाकीच्यांचा पत्ता लागतो. १७ ला ४ ने भागा, बाकी १. पहिल्या आकड्याची बाकी पण हीच येते, म्हंजे १, ५, ९ असं ३७ पर्यंत, दहा आकडे. दुसऱ्याची बाकी त्यात २ मिळवून, म्हंजे ३, तर ३, ७, ११ असं ३९ पर्यंत, पुन्हा दहा. दुसरा आकडा तिसऱ्याला अगदी खेटून नसतो म्हणून १५ आणि १९ काढून टाका, राहिले आठ. दहा गुणिले आठ, ८० जोड्या. ६४,००० वरून ८०.

या ८० पण प्रत्येक वेळी पहिल्यापासून नाही लावायच्या. पहिला आकडा लावला, डावीकडे फिरून पहिल्या संभाव्य दुसऱ्या आकड्यावर आलात, उजवीकडे १७ वर जाऊन ओढलं, नाही उघडलं. आता तीन फेरे मारून सगळं पुसायची गरज नाही. परत डावीकडे या, ठेवलेल्या जागेवर दुसरी चकती टोचीला लागल्याचं बोटाला कळेल, तिला तशीच पुढच्या संभाव्य आकड्यापर्यंत चार घरं ढकला, परत उजवीकडे १७, ओढा. पहिल्या आकड्याची चकती या सगळ्यात जागची हलत नाही, फक्त डावीकडची एक चक्कर ओलांडायची नाही. आठ झाले की मगच सगळं पुसून पुढचा पहिला आकडा. हाताला सवय झाली की २० मिनिटांच्या आत ८० संपतात.

२०१५ मध्ये सॅमी कामकर नावाच्या माणसाने हेच आणखी खाली आणलं, पहिल्या आकड्याचा अंदाज पण डायलच्या अडकण्यावरून घेतला आणि जास्तीत जास्त आठ प्रयत्नांत उघडायची रीत मांडली, वर डायल फिरवणारं एक छोटं यंत्रही बनवलं जे हे सगळं स्वतः करतं. मला ८० वालीच आवडते, बोटांना काम राहतं.

पट्टी, गोळ्या आणि बाण

पातळ पत्र्याची पट्टी दांड्याच्या बाजूने आत सरकवून खटका मागे ढकलणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. स्वस्त डायल कुलपात दांडा धरून ठेवणारा खटका स्प्रिंगवर असतो, दांडा नुसता दाबून कुलूप बंद होतं ते त्याच्यामुळेच, आणि जे दाबून बंद होतं ते पट्टीने मागे पण सरकतं. चांगल्या कुलपात खटक्याच्या जागी पोलादाच्या दोन गोळ्या असतात, त्यांना मागून आधार असतो त्यामुळे पट्टी काही करू शकत नाही. नंबरशी याचा काही संबंधच नाही, म्हणून मी याला कुलूप उघडणं धरत नाही, पण नवीन कुलूप घेताना गोळ्यांचं आहे का ते जरूर बघा.

बाणांचं कुलूप, म्हंजे मधली घुंडी वर खाली डावीकडे उजवीकडे सरकवायची, ते दिसायला अमर्याद वाटतं कारण नंबर हवा तेवढा लांब ठेवता येतो. पण आतल्या चकत्या जितक्या वेगवेगळ्या अवस्थांत जाऊ शकतात तितकेच खरे नंबर, बाकी सगळे एकमेकांची जुळी भावंडं. मास्टर लॉकच्या अशा कुलपाचं हौशी लोकांनी पोट फाडून मोजलं तर खऱ्या वेगळ्या जोड्या ७,५०१ भरल्या. चार चाकांच्या साध्या कुलपापेक्षा कमी.

सराव कसा करायचा

ज्याचा नंबर माहिती आहे अशा चार चाकांच्या कुलपाची तीन चाकं बरोबर लावा आणि एकच चुकीचं ठेवा. डोळे मिटून ते एक चाक ताणाखाली फिरवा, बरोबर आकडा आला की दांडा उसळेल, पण लक्ष त्याच्याआधीच्या क्षणावर ठेवायचं. मग दोन चाकं चुकीची ठेवा. इथे खरी शिकवणी सुरू होते, कारण आता कुठलं आधी जड होतंय हा प्रश्न आला. मी दोन चाकांवर आठवडाभर काढला, रोज दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त वेळ केलं की बोटं बधिर होतात आणि नसलेल्या खाचा लागायला लागतात. तीन, मग चार. आणि नंबर दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगा, आपल्याला आकडा माहिती असेल तर बोटं बरोबर तिथेच काहीतरी जाणवून घेतात, मन फार लबाड असतं.

वही ठेवाच. माझ्या वहीत प्रत्येक कुलपाचं एक पान आहे, कुठलं चाक आधी जड होतं, ओढून कळतं की दाबून, खरी खाच रुतते की मोकळी होते. एकाच कारखान्यातली एकाच दिवशी घेतलेली दोन कुलपं माझ्याकडे आहेत, एकात दुसरं चाक आधी बोलतं, दुसऱ्यात चौथं. शक्य असेल तर एखादं मेलेलं कुलूप करवतीने उभं कापून बघा, रिंगा आणि दात एकदा डोळ्यांनी पाहिले की बोटांना काय लागतंय त्याचं चित्र डोक्यात तयार होतं.

उघडल्यावर लगेच बंद करू नका. ज्या नंबरवर उघडलं तो आधी लिहून घ्या, उघड्या दांड्याने चाकं विसकटून परत तोच नंबर लावून बघा की दांडा नीट खाली जाऊन वर येतोय ना, आणि नंबर बदलायचं बटण अर्धवट दाबलेलं राहिलंय का तेही बघा. माझ्या त्या बॅगेच्या कुलपाचं बटण आतच अडकलेलं होतं, मी आनंदाच्या भरात ते न बघता परत बंद केलं आणि संध्याकाळी पुन्हा मांडी घालून बसलो, यावेळी मात्र दोन मिनिटं लागली.